नस्ती, खळ आणि परवल

मंत्रालयात फाइलला अजूनही नस्ती म्हणतात. ‘नस्ती सादर’, ‘नस्ती वित्त विभागात आहे’, ‘नस्ती शेरा मारून परत आली’ ही वाक्यं ज्यांनी सरकारी जिने चढून ऐकली आहेत, त्यांना हा शब्द रुक्ष वाटणार. पण त्याचं मूळ गोठ्यात आहे. संस्कृतात नस्ता म्हणजे नाकातल्या पडद्याला पाडलेलं भोक आणि नस्तित म्हणजे त्यातून दोरी ओवलेला, वेसण घातलेला बैल. आपली नस्ती याच गोत्रातली दिसते. कागदांना भोक पाडायचं, त्यातून दोरा ओवायचा, झाली नस्ती. हिंदीतली नत्थी आणि आपल्याकडच्या नाकातली नथ ही तिची भावंडं.

इंग्रजी फाइलचं मूळही फार दूर नाही. लॅटिनमध्ये फिलम म्हणजे धागा. सोळाव्या शतकातले इंग्लंडमधले कारकून कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून टांगून ठेवत आणि त्या ओवणीला फाइल म्हणत. जुन्या किराणा दुकानात गल्ल्यामागे आकडेदार तारेला टोचलेली बिलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही पहिली फाइल डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. पुढे पुठ्ठा आला, लाल फीत आली, शेवटी काचेवरचं चित्र आलं आणि धागा गेला. मराठी परिभाषेनं फाइलला ‘धारिका’ असाही शब्द दिला. तो अर्थानं चोख आहे, पण धारिका नुसती धरून ठेवते. नस्ती ओवते.

संगणकावर रोज लागणाऱ्या साधनांची नावं अशीच कारकुनाच्या हातकामातून आली आहेत. दोरा, कात्री, खळ, चाप, शिक्का, पहारा. नावातलं हातकाम आठवलं की साधन काय करतं आणि कुठे थांबतं, हेही उमगतं. ओवलेल्या कागदांना क्रम असतो. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे घालणाऱ्याचे कागद आपोआप ओवले जातात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशी नावं देणाऱ्याकडे कागद पुष्कळ असतात, नस्ती नसते.

कागद ठेवण्याचा आपला जुना शब्द दप्तर. शाळकरी पोरांच्या खांद्यावर येण्याआधी हा शब्द राजदरबारात होता, त्याआधी फारसीत आणि सर्वांत आधी ग्रीकमध्ये. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. हेरोडोटस लिहितो की आयोनियातले ग्रीक पुस्तकांना कातडी म्हणत, कारण कधीकाळी ते कातड्यावरच लिहीत. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला डॉक्टरांनी डिफ्थेरिया हे नाव दिलं तेही याच शब्दावरून. दप्तर आणि डिफ्थेरिया एका आईची लेकरं, हे कोणत्याही शाळकरी मुलाला मनापासून पटेल.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर कापडात बांधलेलं आहे. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. फारसीत रू म्हणजे चेहरा आणि माल म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं फडकं मराठी कारकुनानं चौपट मोठं केलं आणि त्यात राज्याचा कारभार बांधून ठेवला. गो. स. सरदेसाई यांनी १९३०पासून पुढच्या काही वर्षांत या रुमालांमधून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. संगणकावरचा फोल्डर हा या रुमालाचा विलायती भाऊ, फक्त त्याचं नाव गाठीवरून न येता घडीवरून आलं. रुमालाला एक शहाणपण होतं, जे फोल्डरला नाही. रुमालात रुमाल, त्यात आणखी रुमाल असं कोणी बांधत नसे, कारण सोडता सोडता हात दुखले असते. माउसला हात दुखण्याची भीती नसते, म्हणून आपण सात घड्यांच्या आत कागद ठेवतो आणि तो कुठे ठेवला हे विसरतो.

मग शोध सुरू होतो आणि इथे शब्दांनी मोठी गंमत केली आहे. शोधणारं कोणतंही साधन आतून एक यादी बाळगतं, तिला इंग्रजीत इंडेक्स म्हणतात. लॅटिन इंडेक्स म्हणजे दाखवणारं बोट, तर्जनी. आपण त्याला सूची म्हणतो आणि संस्कृतात सूची म्हणजे सुई. म्हणजे नस्ती हा दोरा झाला आणि सूची ही त्याची सुई. नुसता दोरा असून भागत नाही, योग्य कागदाला टोचणारी सुई लागते. विंडोजवर ‘एव्हरीथिंग’ नावाचं एक छोटं फुकट साधन मिळतं. नाव टाइप करायला घेतलं की फाइल समोर हजर. त्याचा वेग जादूचा नाही. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, याची एक नोंदवही विंडोज स्वतःच ठेवत असतं. हे साधन ती नोंदवही वाचून आपली सूची तयार करतं आणि मग प्रत्येक रुमाल सोडत बसत नाही. मात्र ही सुई मुख्यतः नावाला टोचते. नावच धड दिलं नसेल तर ती तरी काय करणार?

आता कात्री आणि खळ. मैदा किंवा तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून केलेली खळ पतंगवाल्याकडे असायची, पुस्तकं बांधणाऱ्याकडे असायची आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतही असायची. बातमीचा तिसरा परिच्छेद वर न्यायचा असेल तर उपसंपादक कागद कात्रीनं कापून वर चिकटवत असे. इंग्रजी पेस्टही मूळची पीठच. ग्रीक पास्ता म्हणजे सातूची पेज किंवा कालवण. त्यातूनच इटलीचा खायचा पास्ता आला, बेकरीतली पेस्ट्री आली आणि चिकटवायची पेस्टही. खळ आणि पेस्ट या शब्दशः एकाच पातेल्यातल्या.

ही कात्री आणि खळ संगणकात आणली लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७४-७५च्या सुमारास त्यांनी जिप्सी नावाचा मजकूर-संपादक घडवला. तो गिन नावाच्या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी होता. ही माणसं दिवसभर काय करतात ते मॉटनं जवळून पाहिलं, आणि ती कापत होती व चिकटवत होती. म्हणून आज्ञाही तीच. १९८३मध्ये ॲपलच्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या कळफलकाच्या खालच्या रांगेतल्या शेजारी-शेजारी बसणाऱ्या चार कळांना रद्द, काप, नक्कल आणि चिकटव ही कामं मिळाली. टेस्लर २०२०मध्ये गेले. त्यांनी दिलेल्या या कळा आता बोटांना इतक्या पाठ आहेत की अक्षर न पाहताही दाबल्या जातात.

कापलेला तुकडा चिकटवेपर्यंत कुठे ठेवायचा? क्लिपबोर्डवर. इथे इंग्रजीनं एक सापळा लावून ठेवला आहे. क्लिप हे दोन वेगळे शब्द आहेत. एक उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला, त्याचा अर्थ कातरणं. दुसरा जुन्या इंग्रजीतला, त्याचा अर्थ मिठीत घेणं. क्लिपबोर्डवरची क्लिप ही मिठीवाली. आपली मुलं परीक्षेला नेतात ते ‘पॅड’, वर चाप असलेलं, हाच मूळचा क्लिपबोर्ड. संगणकावरचा क्लिपबोर्ड मात्र खऱ्या पॅडपेक्षाही कंजूष. त्याच्या चापात एका वेळी एकच कागद मावतो. दुसरा लावला की पहिला नाहीसा. दिवसातली कितीतरी चिडचिड या एका चापाची आहे. त्यावर इलाज सोपा आहे. विंडोज १०मध्ये २०१८पासून विंडोज कळ आणि व्ही एकत्र दाबून क्लिपबोर्डचा इतिहास सुरू करता येतो आणि मग आधी उचललेले तुकडेही हाताशी राहतात. त्याहून जास्त हवं असेल तर ‘डिट्टो’ नावाचं साधन आहे. डिट्टो हा इटालियन शब्द. अर्थ ‘सांगितलेलं’. यादीत तोच महिना पुन्हा लिहायचा कंटाळा आला की व्यापारी ‘डिट्टो’ लिहीत. आपण तो शब्द घेतला आणि माणसांना लावला. ‘पोरगा डिट्टो आजोबांवर गेलाय’ या वाक्यात कोणाला इटली आठवत नाही.

नक्कल हा शब्द तर आणखी फिरलेला. अरबीत नक्ल म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणं, वाहतूक. म्हणजे मुळात त्यात मागे काही उरायला नको. हिंदुस्थानात येईपर्यंत अर्थ पालटला आणि मूळ जागच्या जागी ठेवून दुसरं तयार करणं ही नक्कल झाली. कोर्टात नकलेचा अर्ज करावा लागतो आणि हाती येणाऱ्या कागदावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का असतो. खरी आणि नक्कल हे दोन शब्द एका शिक्क्यात सुखानं नांदतात. इंग्रजी कॉपीचा मूळ अर्थ विपुलता. आपल्या शाळांनी मात्र त्या शब्दाला परीक्षेतल्या लबाडीला जुंपलं. पार ‘कॉपीमुक्त अभियान’ निघालं.

नक्कल आणि बॅकअप एकच, असं समजणाऱ्याचा घात होतो. त्याच लॅपटॉपवर शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवलेली नक्कल लॅपटॉपबरोबरच जाते. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ हा नियम म्हणून उपयोगी पडतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मराठीनं या नियमाची किंमत सातशे वर्षांपूर्वी मोजली आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी गोळा करत म्हाइंभट गावोगाव फिरले, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. महानुभाव परंपरा सांगते की पुढे उत्तरेकडून आलेल्या धाडींच्या धामधुमीत ती पोथी गमावली. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करावी लागली. हिराइसा ही त्यांपैकी एक, तिच्या नावाचा पाठ अभ्यासकांना आजही वेगळा ओळखता येतो. दुसऱ्या ठिकाणी असलेली प्रत म्हणजे त्या वेळी एका बाईची स्मरणशक्ती होती. प्रतींत पाठभेद शिरले, पण आद्य मराठी गद्यग्रंथ उरला.

त्याच महानुभावांनी पुढचा धडाही घेतला. पोथी नुसती वाचवून चालत नाही, ती कोणी वाचावी हेही ठरवावं लागतं. त्यासाठी त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या केल्या. सकळ म्हणजे सगळं, आणि ही लिपी सगळ्यांपासून लपवण्यासाठी. पंथाबाहेरच्या वाचकाला ती उलगडून दाखवायला विसावं शतक उजाडावं लागलं आणि त्यात वि. का. राजवाडे पुढे होते. आजच्या भाषेत याला एन्क्रिप्शन म्हणतात. पोथी चोराच्या हाती पडली तरी मजकूर पडत नाही.

दार राखायचं काम मात्र वेगळ्या शब्दाचं, परवलीच्या शब्दाचं. छावणीत रात्री पहारेकरी ‘कोण आहे?’ म्हणून दरडावतो आणि येणारा ठरलेला शब्द सांगतो, ती परवल. इतका अस्सल वाटणारा हा शब्द युरोपातल्या पॅरोलचा मराठी अवतार दिसतो. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना दिलेला खुणेचा शब्द हाच त्या पॅरोलचा लष्करी अर्थ, आणि फ्रेंचमध्ये पारोल म्हणजे शब्दच. तेव्हा ‘परवलीचा शब्द’ म्हणजे शब्दाचा शब्द. तुरुंगातून काही दिवसांसाठी सुटणाऱ्याचा पॅरोलही तोच, ‘परत येईन’ हा दिलेला शब्द.

संगणकावर पासवर्ड आला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूनं एक संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था केली होती आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड ठेवले. सगळे पासवर्ड एका साध्या फाइलीत होते. एकदा घोटाळा होऊन रोजच्या सूचनेच्या जागी तीच फाइल आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसली. पासवर्डची डायरी टेबलावर ठेवू नये, हे सांगणारी ही पहिलीच गोष्ट असावी.

छावणीतली परवल त्या वेळेपुरती असायची. उद्याची वेगळी. आपण मात्र एकच परवल बँकेला, ईमेलला आणि साडीच्या दुकानाच्या संकेतस्थळाला लावतो, तीही वर्षानुवर्षं. जुन्या अर्थानं खरी परवल म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी, वापरला की संपला. बाकीच्या दारांसाठी पासवर्ड सांभाळणारं साधन लागतं. ते प्रत्येक दारासाठी वेगळी, लांबलचक परवल तयार करतं आणि सगळ्या कुलूपबंद तिजोरीत ठेवतं. तिजोरीची तेवढी एक आपण पाठ करायची. अशा एका साधनाचं नाव बिटवॉर्डन. त्यातला वॉर्डन आणि इंग्रजीतला गार्ड हे मुळात एकच. त्याच घरातून आपल्याकडे गारद आली आणि गारदीही. पेशवाईनं गारद्यांवर विश्वास टाकला आणि १७७३च्या गणेशोत्सवात शनिवारवाड्यात नारायणराव त्यांच्याच हातून मारले गेले. तेव्हा तिजोरी कोणाच्या हाती देतो आहोत, याची चौकशी आधी करावी.

त्या खुनाला चिकटलेली ‘ध’चा ‘मा’ ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पत्रातलं ‘धरावे’ आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं म्हणतात. इतिहास काहीही म्हणो, मराठीतली ही सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती. कागदात कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून मराठी दरबाराकडे शिक्कामोर्तबाची सोय होती. माथ्यावर शिक्का, मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे याच्या खाली कोणी ओळ घुसडू नये. पण मोर्तब शेवट राखतं, मधलं अक्षर राखत नाही. इथे संगणक जुन्या कारकुनाच्या पुढे गेला. डिजिटल सही साऱ्या मजकुराचं गणित मांडून केलेली असते. मधला एक ‘ध’ बदलला तरी गणित जुळत नाही आणि सही खोटी पडते. लेखन-साधनातली बदलांची नोंद, ट्रॅक चेंजेस, आणखी सभ्य. ‘ध’ कोणी खोडला, ‘मा’ कोणी लिहिला आणि किती वाजता, हे ती रंगीत अक्षरांत सांगते.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक साधन लागतं, ज्याची गरज इंग्रजीवाल्याला कधी पडली नाही. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारं साधन. फ्रेंच फोंत म्हणजे ओतीव. वितळलेल्या शिशाचा खिळा ओतायचा, तो फॉन्ट. टंकलेखनातला टंक म्हणजे ठसा मारलेलं नाणं, त्यावरूनच टाकसाळ आली. एक शब्द ओतणारा, दुसरा ठोकणारा, दोन्ही धातूचे. जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवले होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अग्रलेखाचा कचरा दिसे. युनिकोडनं १९९१पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि आकार फॉन्टवर सोपवला. तरीही १९९०च्या दशकातले कितीतरी दिवाळी अंक आणि प्रबंध जुन्या खिळ्यांतच अडकून आहेत. ज्याच्याकडे ते आहेत त्यानं आधी त्यांचं रूपांतर करावं, मग बॅकअप.

इतकं सगळं पाहिलं की एक हिशेब निघतो. नामं बहुतेक बाहेरची. दप्तर, रुमाल, नक्कल, परवल, गारद ही तेव्हाची, फाइल, पेस्ट, पासवर्ड ही आत्ताची. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांकडे परक्या शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राज्यव्यवहारकोशाचं काम आलं ते याच गर्दीमुळे. क्रियापदं मात्र तेव्हाही आपली होती, आजही आहेत. पोथी ‘उतरवून घेत’, शिक्का ‘उठवत’, दप्तर ‘लावत’. आता प्रिंट ‘काढतात’, मेल ‘टाकतात’, झेरॉक्स ‘मारतात’, बॅकअप ‘घेतात’. ही क्रियापदं कोणा समितीनं ठरवली नाहीत. पासवर्ड टाकला जातो, दिला जात नाही, आणि बॅकअप घेतला जातो, केला जात नाही, हे कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना न शिकवता येतं.

आणि काही वेळा नवी वस्तू येण्याआधीच क्रियापद तयार असतं. संकेतस्थळावरून सातबारा ‘उतरवून घेतला’ म्हणणारा शेतकरी डाउनलोडचं भाषांतर करत नसतो. पोथ्या उतरवणारे, तलाठ्याकडून उतारा आणणारे हेच क्रियापद पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. व्हायरसवरही उताराच शोधावा लागतो, कारण लॅटिन व्हायरस म्हणजे विष, आणि संस्कृत विषाशी त्याचं रक्ताचं नातं आहे. मराठी पडद्यांसाठी नावं घडवणाऱ्यांनी म्हणून नामाच्या मागे लागण्याआधी लोक त्या वस्तूचं काय करतात ते ऐकावं. ‘बॅकअप निर्माण करा’ असं बटण लिहिणाऱ्यानं शेजारच्या टेबलावरचा ‘घेतलास का रे बॅकअप?’ हा प्रश्न कधी ऐकलेला नसतो. तो ऐकला असता तर बटणावर ‘बॅकअप घ्या’ आलं असतं आणि कदाचित तो घेतलाही गेला असता.